वडिलांच्या डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकात) १९७१ च्या युद्धाच्या पश्चिमी स्टार ह्या मेडलची नोंद राहून गेली आहे. इतक्या वर्षांनी ती करून घेता येते का?

येते. फक्त मागायचं कसं, ते नीट समजून घ्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून: वडील बॉम्बे सॅपर्सचे (फौजेच्या इंजिनिअर शाखेचे), १९६८ ची भरती, १९८५ ला नायक म्हणून पेन्शनवर आले. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर शकरगढच्या बाजूला सुरुंग काढायच्या कामावर होते. पुस्तकात संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे, पश्चिमी स्टार नाही. आणि सैनिक बोर्डात (माजी सैनिकांच्या कल्याण कार्यालयात) कुणीतरी सांगितलं, 'पन्नास वर्षं झाली, आता विसरा.'

मी फौजेत क्लार्क होतो, चोवीस वर्षं ह्याच कागदांत गेली. विसरायचं काही कारण नाही. संग्राम मेडल त्या काळात नोकरीत असलेल्या पुष्कळांना मिळालं. स्टार मिळाला तो प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना. पूर्वेकडे पूर्वी, पश्चिमेकडे पश्चिमी. म्हणजे वडील तेव्हा फौजेत होते हे रेकॉर्डला मान्यच आहे. ते त्या दिवसांत नेमके कुठे होते, एवढंच दाखवायचं राहिलंय.

ही नोंद राहते कशी, ते सांगतो. फौजेत माणसाचं जे काही होतं (लग्न, मूल, बढती, कोर्स, मेडल) ते युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये काढतं. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथं शीट रोलवर (माणसाच्या सेवेच्या नोंदपत्रावर) चढते, आणि पेन्शनच्या वेळी डिस्चार्ज बुक त्यावरून भरतात. पार्ट टू निघाली नाही तर नोंद नाही, मग माणूस बर्फात वर्षभर उभा राहिलेला का असेना.

हे मी तोऱ्यात सांगत नाही, माझ्यावरच बेतलं होतं. आमची पलटण उंचावर होती तेव्हा उच्च तुंगता मेडलसाठी नावांची यादी गेली. मी वार्षिक सुट्टीवर गावी होतो, सहायकानं हजर असलेल्यांची नावं उतरवली. परत आलो, यादीवर सही झालेली होती, मी न वाचता फाईलला लावली. स्वतःच्या हातानं. पेन्शनवर आल्यावर सहा वर्षांनी जुन्या मंडळींच्या स्नेहसंमेलनात शेजारी बसलेल्यानं विचारलं, 'तुझी एक रिबन कमी कशी?' तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझा पहिला संशय अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या युनिटबरोबर लावण्यावर आहे. सॅपर्सची कंपनी एका जागी, तिच्यातली प्लाटून दुसऱ्याच ब्रिगेडबरोबर पुढं, असं लढाईत सर्रास असतं. मूळ युनिटला वाटतं त्यांनी ऑर्डर काढली, त्यांना वाटतं ह्यांनी काढली. म्हणून वडिलांना 'बॉर्डरवर कुठं होता?' असं विचारू नका. कंपनी कोणती, प्लाटूनचा सुभेदार कोण, कोणत्या पलटणीबरोबर जेवत होते, असं विचारा. लंगर कुणाचा होता हे फौजी माणूस मरेपर्यंत विसरत नाही, आणि लंगरावरून अटॅचमेंट कळते.

मग घरातली ट्रंक उघडा. त्या वेळची आंतर्देशीय पत्रं असतील तर सोनं समजा. पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या फौजेचा पत्ता '५६ एपीओ' (एपीओ म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस), पूर्वेकडचा '९९ एपीओ'. वर युनिटचं नाव आणि तारखेचा शिक्का. नुसत्या पत्रावर मेडल मिळत नाही, पण कुठं शोधायचं हे रेकॉर्डवाल्याला समजतं. सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे त्याच प्लाटूनमधल्या सोबत्याच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, ज्यात स्टारची नोंद आहे. लोक सोबत्याचं प्रतिज्ञापत्र करायला धावतात. माझ्या मते त्या स्टॅम्प पेपरपेक्षा ही एक झेरॉक्स भारी.

अर्ज 'ऑफिसर इन चार्ज, रेकॉर्ड्स, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, खडकी, पुणे' ह्या नावानं. अर्जदार वडील, सही त्यांची, तुमची नको. नंबर शेवटच्या अक्षरासकट, नाव पुस्तकात आहे तस्संच (घरी आपण काय म्हणतो ते बाजूला ठेवा), भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर. मजकूर चार ओळींचा पुरे: अमुक काळात अमुक कंपनीत, अमुक भागात होतो, पश्चिमी स्टारची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का ते माझ्या सेवा-कागदांत तपासावं, निघाली असल्यास डिस्चार्ज बुकात नोंद करून मेडल द्यावं, नसल्यास पात्रता पाहून काढावी. 'देशासाठी रक्त आटवलं' वगैरे लिहू नका. टेबलावरचा क्लार्क तो परिच्छेद गाळूनच वाचतो, मीही गाळायचो.

सैनिक बोर्डातून पुढं पाठवलात तर जावक क्रमांक मिळतो, त्याचा पाठपुराव्याला उपयोग होतो. वडील पेन्शनर आहेत हे तुमचं नशीब. बिगर-पेन्शनरांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, मागे फक्त लाँग रोल (थोडक्यात नोंदी असलेलं रजिस्टर) उरतो. पेन्शनरांची त्याहून बराच जास्त काळ ठेवतात.

मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवू नका, आधी साक्षांकित प्रती द्या. आणि कृपा करून ते पुस्तक लॅमिनेट करू नका! लोक प्रेमानं करतात, मग त्यावर नोंद लिहायची कुठं आणि शिक्का मारायचा कुठं?

उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, मग वडिलांच्याच नावानं माहितीच्या अधिकारात अर्ज: माझ्या शीट रोलची आणि मेडलसंबंधी पार्ट टू ऑर्डरची प्रत द्या. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. ती प्रत हातात आली की निम्मं भांडण मिटतं. लेखी नकार आला आणि तो चुकीचा वाटला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथं सहा महिन्यांची मुदत असते, नकाराचं पत्र आल्यावर बसून राहू नका. पण एका स्टारसाठी तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न: साहेबांनी तेव्हा सेना मेडलसाठी नाव पाठवतो म्हटलं होतं, ते आता मागता येईल का? नाही. स्टार हा हक्क आहे, अटी पूर्ण झाल्या की मिळतो. शौर्यपदकाला कमांडिंग ऑफिसरची शिफारस त्याच वेळी वर जावी लागते. ही मागणी त्याच अर्जात घालू नका, नाहीतर सरळ कामही रेंगाळेल. आणि ह्या स्टारला भत्ता नसतो, हे घरात आधीच सांगून ठेवा. 'साहेबांशी ओळख आहे' म्हणत पैसे मागणारे भेटतील, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

मला चौदा महिने लागले. मेडल हातात आलं की त्यावर कोरलेला नंबर पुस्तकाशी ताडून बघा. माझ्या मेडलवर एक आकडा चुकलाय. बायको म्हणाली, पुन्हा अर्ज करा. मी रिबन शिवून टाकली.