भडंगाची कढई आणि लेकीची वही

प्रश्न : सांगलीत घरीच भडंग करून विकते. रात्री अकरालाही ऑर्डरचे फोन येतात. लेक वही घेऊन वाट बघते अन् मी पिशव्या सील करत बसते. काय करू?

उत्तर : ताई, हरभट रोडला माझं पंधरा वर्षं शिलाईचं दुकान होतं. ऐन लग्नसराईत लेकाला ताप चढल्याचं मला शेजारणीकडून कळलं. अजून सलतं ते. सातनंतर फोन बाजूला ठेवाच. चवीचं गिऱ्हाईक सकाळी परत फोन करतं, खरंच करतं. भडंग हवाबंद पिशवीत टिकतं, तेव्हा आठवड्यातून दोनदाच कढई चढवा. लसूण आदल्या दुपारी सोलून ठेवा. पावसाळ्यात चुरमुरे सादळतात, तेवढा माल बेतानं काढा. आणि एखाद्या सकाळी कृष्णेच्या घाटावर एकट्याच बसून या.