गवा, रेडा आणि पंडितांची नीलगाय

पाटण तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: शिवारात गवा शिरला की बातमीत कधी 'गवा रेडा' असतं, कधी 'गवारेडा'. सुटं लिहावं की जोडून? आणि मादी असली तर काय लिहायचं?

सुटंही नको आणि जोडूनही नको. नुसतं 'गवा' लिहा! रेडा म्हणजे म्हशीचा नर. गव्याचं शास्त्रीय नाव बॉस गॉरस, आणि 'बॉस' ही गाई-बैलांची प्रजाती. म्हैस 'बुबॅलस', ती वेगळी. "गावाकडं सगळे गवारेडाच म्हणतात की" हे ऐकून कान किटले. म्हणतात, कारण थोराड नर काळाकुळकुळीत असतो आणि तिन्हीसांजेला उसाच्या फडात त्याची नुसती पाठ दिसते. उजेडात पाय बघा: गुडघ्यापासून खुरापर्यंत पांढरे मोजे. शिंगं पिवळसर, टोकं तेवढी काळी. असला रेडा कुणाच्या गोठ्यात आहे?

आता खरी गंमत. संस्कृतात 'गवय', प्राकृतातही 'गवय'. पुढे 'य' गळाला, दोन 'अ' एकमेकांत मिळाले आणि मराठीत 'गवा' झाला. 'हृदय'चा 'हिय्या' झाला तोही याच वाटेने. आणि या 'गवय'च्या पोटात 'गो' आहे. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, 'उपमान' (साम्यावरून ओळखणं) हे ज्ञानाचं अख्खं प्रमाण याच जनावरावर समजावून दिलंय. गवय कधी न पाहिलेला माणूस रानातल्या माणसाकडून ऐकतो, 'गोसदृशो गवयः', गवय गाईसारखा असतो. मग हा रानात जातो, समोर गाईसारखं जनावर येतं, ऐकलेलं आठवतं आणि कळतं, हाच तो गवय. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातही हेच उदाहरण आहे. गाईसारखा, बरं का. त्या माणसाला एका वाक्यात जे उमगलं ते कोयनाकाठच्या वार्ताहराला उमगत नाही.

पण काही पंडित 'गवय' म्हणजे नीलगाय असं ठोकून देतात. मुद्दा काय, तर वेदांत 'गौर' आणि 'गवय' वेगवेगळे येतात. गौर हा गवा, मग गवय दुसरं कुणीतरी असणार. अहो, पुस्तकातून मान वर काढा! नीलगाय हा कुरंग. मादीला शिंगंच नाहीत, नराची जेमतेम वीतभर, आणि पाठ खांद्याकडून मागे उतरती. 'गाईसारखा' ऐकून गेलेला माणूस तिला घोडा म्हणेल. शिवाय ती मोकळ्या माळाची, दाट जंगल टाळणारी, आणि मराठीत तिला 'रोही' हे स्वतःचं नाव आहे. चांदोलीच्या रानात जे जनावर चरतं त्यालाच आपल्याकडे गवा म्हणतात. माझं मत विचाराल तर हिंदीने 'गौर' उचलला, आपण 'गवय', आणि जनावर एकच. नावं दोन म्हणून जनावरंही दोन, हा हिशेब मला पटत नाही.

'गवाक्ष' मात्र यात ओढू नका. तिथे सरळ 'गो' आणि 'अक्ष' आहेत, गव्याचा काही संबंध नाही. आणि 'बायसन' ही इंग्रज शिकाऱ्यांची देणगी. खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात.

हां, मादीचं राहिलंच. 'गव्याची मादी' लिहा, झालं. 'मादी गवा रेडा' लिहिणाऱ्याने मात्र आधी रेडा म्हणजे काय ते घरी विचारून यावं.