बाबांना आधी ज्येष्ठ नागरिक संघात घाल, कॅमेऱ्याचं नंतर बघू

फ्रँकफर्टहून एका लेकीचं पत्र आलंय. ‘मावशी, बाबा 78 चे, आई 74 ची, कोथरूडला दोघंच. भाऊ डॅलसला. बाबा बाथरूममध्ये घसरले ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. आता हॉलमध्ये कॅमेरा लावलाय, पैसे भरून माणूस ठेवलाय. अजून काय करू?’

अगं, जीव किती टांगणीला लागतो ते मला सांगू नकोस, मिशिगनमध्ये मीही रात्री फोन वाजला की दचकायचे. पण तुझ्या पत्रात पुढे एक वाक्य आहे, तू ते सहज लिहून गेलीस: ‘जवळच ज्येष्ठ नागरिक संघ आहे, पण बाबा म्हणतात म्हाताऱ्यांत जाऊन काय करू, मग आम्हीही आग्रह केला नाही.’

का नाही केला? तिकडे गेल्या गेल्या पहिल्या गणपतीला तू मंडळ शोधलंसच ना? डॉक्टर कोणता, तूरडाळ कुठे मिळते, सगळं तिथल्याच लोकांनी सांगितलं असेल. आपल्याला परक्या गावात मंडळ लागतं आणि आई-बाबांना मात्र कॅमेरा पुरतो, हा कुठला न्याय?

माझ्या सासूबाई सहकारनगरला एकट्या राहायच्या. एका नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेल्या, तर बोटांचे ठसेच उमटेनात. आयुष्यभर भांडी घासलेली बोटं, उमटणार कशी? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आजी, उद्या या.’ उद्याही तेच. मी तिकडून फोन करकरून थकले. शेवटी संघाच्या चिटणीसांनी मोबाइलवर त्यांचा चेहरा दाखवून दाखला काढला. 2021 पासून ती सोय आहे. आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. असेच अडकलेले आणखी सभासद गोळा केले, संघाच्या लेटरहेडवर निवेदन लिहिलं, सह्या घेतल्या आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवून पोच घेतली. पुढच्या नोव्हेंबरात ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी होती, समोर खुर्च्याही. एकट्या म्हातारीचा अर्ज ट्रेमध्ये पडून राहतो, शंभर सह्यांना मॅनेजर चहा विचारतो.

हे नुसतं भजन आणि वाढदिवसाचे पेढे नाहीत, कळलं? गावोगावचे संघ राज्यात फेस्कॉम या महासंघाशी जोडलेले असतात. मागण्या तिथून सरकारकडे जातात. रेल्वेची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, ती परत द्या म्हणून निवेदनं अजून चालूच आहेत. 75 वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास 2022 पासून मोफत आहे, 70 च्या पुढे उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं. तुझ्या बाबांना माहीत आहे? नसणार. कट्ट्यावर बसणाऱ्याला तोंडपाठ असतं. आणि देव करो ही वेळ न येवो, पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात स्वतः जाऊ न शकणाऱ्याच्या वतीने, त्याने अधिकार दिला तर, नोंदणीकृत संस्थाही मुलांकडून पोटगी मिळावी म्हणून न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. तुझा पगारी माणूस करेल का?

बाबा ‘म्हाताऱ्यांत’ जाणार नाहीत म्हणतात ना? त्यांना सभासद म्हणून पाठवू नकोस, कामाला पाठव. निवृत्त इंजिनिअर आहेत असं तूच लिहिलंयस. संघांना हिशोब बघणारा माणूस कायम हवा असतो. सासूबाईही आधी नाक मुरडायच्या. हजेरीची वही त्यांच्या हातात आली आणि मग गुरुवारी घरी सापडेनात. कोणी दोन गुरुवार आलं नाही की त्या फोन लावायच्या. तुझ्या घरी तसा फोन करणारं कोणी असतं, तर चार दिवस गेले नसते. परदेशस्थ मुलांच्या पालकांची वेगळी संस्थाही पुण्यात आहे, एनआरआयपीओ. सुट्टीत येशील तेव्हा लक्ष्मी रोडच्या आधी तिथे जा, आणि वर्गणी तू भर.

कॅमेरा? राहू दे, पण आईला विचारून. ‘मुलगा मराठी बोलत नाही’ म्हणतेस, तर आजोबांना रोज फोन लावून दे आणि तू मध्ये बोलू नकोस. वहिनीकडच्या पाटल्यांची तक्रारही लिहिलीयस, त्याचं भावाशी थेट बोल, त्यात मला ओढू नकोस.