जुनी स्कॉर्पिओ आणि गोव्याचा पाऊस: घरच्या घरी काय करता येईल

वडिलांची २०११ ची स्कॉर्पिओ आता तुझ्याकडे आलीय, पेडण्याला घरासमोर आंब्याखाली उभी असते, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरचं कार्पेट कायम ओलं, सकाळी स्टार्टर जड फिरतो, आणि गॅरेजवाल्याने अंडरकोटिंग (खालच्या पत्र्यावर जाड काळा थर मारणं) धरून भलंमोठं एस्टिमेट हातात ठेवलंय, तर यातलं घरी काय होईल असं विचारलंयस. बरंच होईल रे. फक्त एक लक्षात ठेव, आपल्याकडे जुनी डिझेल एसयूव्ही इंजिनामुळे सहसा भंगारात जात नाही, खालून गंजून जाते. त्यामुळे तुझं अर्धं काम पाणी कुठून आत शिरतंय, कुठे साचतंय आणि बाहेर पडायची वाट कुठे तुंबलीय हे शोधायचंच आहे. आणि ते मे महिन्यातच उरक, एकदा मिरग लागला की कार्पेट काही सुकत नाही.

आधी कार्पेट. पाणी नेमकं कुठलं ते ओळख. पाऊस नसताना, नुसता एसी लावून फिरल्यावर ओलं होत असेल तर एसीचं ड्रेन, म्हणजे त्याचं पाणी बाहेर टाकणारी नळी, तुंबलंय. गाडी धुतल्यावर किंवा सरीनंतर ओलं होत असेल तर पाणी पुढच्या काचेखालून येतंय. आणि हाताला चिकट लागलं, गोडूस वास आला, तर ते पाणी नाही, कूलंट आहे, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय, ते काम मेकॅनिकचं.

एसीचं तपासणं सोपं. पंधरा-वीस मिनिटं एसी चालू ठेवून गाडीखाली वाकून बघ. आपल्या दमट हवेत तिथे टपटप पाणी पडायलाच हवं. पडत नसेल तर ते सगळं आत जातंय. खालून ड्रेनची रबरी नळी सापडते, तिच्यात मऊ पाइप सरकव नाहीतर पंपाने हलकी हवा मार. सायकलची तार वगैरे आत खुपसू नकोस, काही फुटलं तर एसीचा मोठा खर्च निघेल.

आंब्याखाली गाडी असते म्हणतोस तर मला जास्त संशय काचेखालच्या जाळीचा आहे. बॉनेट उघड, वायपरच्या खाली जी प्लॅस्टिकची जाळी आहे तिच्या आत मोहोर, सुकी पानं आणि त्याची कुजून झालेली काळी माती असणार. हाताने काढ, उरलेलं व्हॅक्यूमने ओढ, मग एक तांब्या पाणी ओत आणि दोन्ही बाजूंनी चाकाच्या मागून ते खाली पडतंय का बघ. एका बाजूने पडत नसेल तर तिकडचं भोक बंद आहे. हेच पाणी वाढून आत येतं, आणि नशीब वाईट असेल तर वायरिंगच्या जॉइंटवर पडतं, मग हॉर्न आपोआप वाजणं, लाइट लुकलुकणं असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात. तसंच चारही दरवाज्यांच्या खालच्या काठाला बारीक भोकं असतात ती काडीने मोकळी कर. दरवाजा हलवल्यावर आत पाण्याचा डुबुक आवाज येत असेल तर तो दरवाजा आतून गंजायला लागलाच आहे म्हणून समज.

नळी साफ झाली तरी कार्पेट तसंच ठेवू नकोस. वरून कोरडं वाटतं पण खालचं जाड फेल्ट स्पंजासारखं पाणी धरून बसतं आणि पत्रा तिथे सडतो. दरवाज्याखालची पट्टी काढ, कार्पेट उचल, उन्हात घाल.

आता स्टार्टर. गोव्यात सकाळी थंडीमुळे गाडी सुरू होत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून दे, एवढी थंडी आपल्याकडे पडतच नाही. एक साधा मल्टिमीटर घे. सकाळी गाडीला हात लावायच्या आधी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, बघावा लागेल. हे सगळे आकडे बरोबर आले तरी स्टार्टर जडच, तर नवीन बॅटरी घ्यायला धावू नकोस, अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिन-चॅसिसशी जोडणी, बघ. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांग. तेवढ्या वेळात मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर मधली अर्थची पट्टी नाहीतर तिचा बोल्ट गंजलाय. खाऱ्या हवेत हे फार होतं, आणि लोक चांगल्या बॅटऱ्या बदलत बसतात. पट्टी काढून दोन्ही टोकं आणि चॅसिसची जागा पॉलिश पेपरने चकचकीत कर, घट्ट बसव. टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलं असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, मग सुकवून वर व्हॅसलीन. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, हा क्रम चुकवू नकोस, पान्हा बॉडीला लागला की ठिणगी उडते.

डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणंही तुझ्याने होईल. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवून फिरलं की आत दव धरतं आणि ते फिल्टरच्या तळाशी जमतं. खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं काढ, पाणी तळाला वेगळं दिसतं, नुसतं डिझेल यायला लागलं की बंद कर. पण तिथेच थांब. इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना चालू इंजिनात हात लावायचा नाही. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक फवारासुद्धा कातडी फोडून आत जातो. ओढ कमी आणि काळा धूर असेल तर आधी टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारे रबरी पाइप चाचप, जुन्या गाडीत ते चिरतात किंवा क्लॅम्प सैल पडतो आणि त्या जागी तेलकट डाग दिसतो. क्लॅम्प आवळायला कोणी इंजिनिअर नको.

आता तो अंडरकोटिंगचा मुद्दा, ज्यात तुझे सगळ्यात जास्त पैसे चाललेत. गंज न काढता वरून काळा जाड थर मारला तर ओल आतच राहते आणि पत्रा झाकणाखाली निवांत सडतो, दिसतसुद्धा नाही. आधी गोड्या पाण्याने खालून सगळं धू, चाकांच्या वरच्या खाचा आणि मागच्या एक्सलच्या वरचा चॅसिसचा भाग खास, कारण लाल माती तिथेच चिकटून बसते. दोन-चार दिवस ऊन दे. मग स्क्रूड्रायव्हरने टोच. वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं द्रावण), रेड ऑक्साइड आणि वर रंग, हे एका रविवारचं काम आहे. टोक आत गेलं तर मात्र वेल्डिंग, आणि ते चॅसिसवर असेल तर चांगल्या माणसाकडेच. जळकं ऑइल चॅसिसला फासायची जुनी पद्धत आहे, ती करू नकोस, सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी बुश फुगतात आणि पावसात ते सगळं ओघळून विहिरीकडे जातं. केरी-तेरेखोलची फेरीबोट घेत असशील तर रॅम्पवर चाकं खाऱ्या पाण्यातून जातात, त्याच दिवशी खालून पाणी मार. किनाऱ्यावर गाडी घालायची नाहीच, कायद्यानेही बंदी आहे.

खाली शिरायच्या आधी हे वाच. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, जॅकस्टँड, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, विकत घे. अंगणात चिरे पडलेले असतातच म्हणून लोक तेच रचतात, पण चिरा भोकाभोकांचा दगड, जॅकसारखं एका टोकावर वजन आलं की न सांगता फुटतो. चाकाला अडवायला चिरा चालेल, गाडी पेलायला अजिबात नाही. पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेव आणि चाकाला तो चिरा लाव, नाहीतर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात.

ब्रेक उघडणं, स्टिअरिंगचे जॉइंट, गरम रेडिएटरचं झाकण, यात हात घालू नकोस. कूलंटमध्ये मात्र विहिरीचं पाणी ओतायची सवय घरात असेल तर बंद कर, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट मिसळून घाल.

आणि २०११ ची गाडी म्हणजे नोंदणीची १५ वर्षं भरत आली किंवा भरलीच, आरसी बघ. फॉर्म २५ भरून पाच वर्षांसाठी वाढवता येते, अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो, गाडी तपासायला न्यावी लागते. लाइट, हॉर्न, वायपर, टायर हे त्याआधी स्वतःच बघून ठेव. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर तडकलेलं असेल तर ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा धरू नकोस.

तर या रविवारी जाळी, ड्रेन आणि अर्थिंग एवढंच कर. गाडी धुऊन सुकली की मागच्या एक्सलच्या वरच्या चॅसिसचे फोटो इथे टाक, दोन्ही बाजूंचे, उजेडात काढलेले. ते बघून सांगतो, तोपर्यंत गॅरेजवाल्याला अंडरकोटिंगचा ॲडव्हान्स देऊ नकोस.