ध्यानात येणारा अनुभव म्हणजे मेंदूतलं रसायनच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचे आजोबा गेली चाळीस वर्षं रोज ध्यानाला बसतात. कधीकधी "मी उरतच नाही, नुसतं असणं उरतं" असं सांगतात. तुम्ही अलीकडे वाचलंत की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून डीएमटी नावाचं रसायन सुटलं की नेमकं हेच होतं, आणि एलएसडी किंवा 'मॅजिक मशरूम' अशी भ्रम निर्माण करणारी द्रव्यं घेतलेली माणसंही याच भाषेत बोलतात. मग आजोबांचा अनुभव हा निव्वळ रसायनांचा खेळ आहे का? आणि सगळे धर्म मुळात अशाच एखाद्या वनस्पतीतून निघाले का? शेवटी तुम्ही लिहिलंय, "हे आजोबांना सांगावं की नाही, कळत नाही." त्या एका ओळीमुळे मी उत्तर लिहायला बसले.

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवते. रेणू, रिसेप्टर (पेशीवरची जागा, जिथे रेणू येऊन बसतो), डोस हे माझं रोजचं काम. यातलं कुठलंही द्रव्य मी स्वतः घेतलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पिनियल ग्रंथीचं प्रकरण आधी मिटवू, कारण ते लवकर मिटतं. १९९०च्या दशकात रिक स्ट्रॅसमन या अमेरिकन डॉक्टरांनी साठेक स्वयंसेवकांना शिरेतून डीएमटी दिलं. त्यांना जे दिसलं ते विलक्षण होतं. पिनियल ग्रंथीतून हे रसायन सुटत असेल, हा स्ट्रॅसमन यांचा अंदाज होता. पुढे 'तिसरा डोळा' वगैरे जोडून लोकांनी त्याचा सिद्धान्त करून टाकला. आता हिशेब बघा. ही ग्रंथी दिवसभरात साधारण ३० मायक्रोग्रॅम मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांभाळणारं संप्रेरक, बनवते. डीएमटीचा पूर्ण अनुभव यायला शिरेतून वीस-पंचवीस मिलिग्रॅम द्यावं लागतं, म्हणजे वीस-पंचवीस हजार मायक्रोग्रॅम, तेही मिनिटाच्या आत. एवढीशी ग्रंथी हे कुठून आणणार? उंदरांच्या मेंदूत डीएमटी सापडलंय हे खरं, पण ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूतही ते सापडलंय. तेव्हा आजोबांच्या पिनियल ग्रंथीवर आळ घेण्याचं कारण नाही.

खरी गंमत सेरोटोनिनपाशी आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला हे रसायन वापरतात. वर्गात मी फळ्यावर सेरोटोनिनचा रेणू काढते आणि शेजारी सायलोसिनचा. मॅजिक मशरूममधल्या सायलोसिबिनचं शरीरात गेल्यावर सायलोसिन होतं. दोन्ही रेणूंचा सांगाडा एकच: एक षटकोन, त्याला चिकटलेला पंचकोन आणि बाहेर लोंबणारी छोटी शेपटी. सायलोसिनमध्ये ऑक्सिजन एक घर सरकलेला असतो आणि शेपटीच्या टोकाला दोन मिथाइल, म्हणजे कार्बनचे छोटे गट, असतात, एवढाच फरक. मागच्या बाकावरचं पोरसुद्धा ओळखतं की ही भावंडं आहेत. मग दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढ्याशा फरकाने माणसाला देव दिसतो?"

दिसतो, निदान काहींना. १९९८मध्ये झुरिकला फ्रान्झ फोलनवायडर यांच्या गटाने स्वयंसेवकांना आधी केटॅन्सेरिन दिलं. हे औषध सेरोटोनिनच्या एका विशिष्ट रिसेप्टरची, ५-एचटी२एची, वाट अडवतं. मग सायलोसिबिन दिलं तर अनुभव जवळपास आलाच नाही. म्हणजे दार हेच. पण त्या दाराला सेरोटोनिन दिवसभर हात लावत असतं आणि आपण भाजी निवडत असतो. लिसुराइड नावाचा एलएसडीचा सख्खा भाऊ आहे. तोही याच रिसेप्टरवर बसतो, पण एलएसडीसारखा अनुभव देत नाही. एलएसडीचं तर असं की तो याच कुटुंबातल्या एका रिसेप्टरमध्ये शिरला की रिसेप्टरचाच एक पदर झाकणासारखा त्याच्यावर पडतो आणि रेणू आत अडकतो, हे २०१७मध्ये स्फटिकाच्या अभ्यासातून दिसलं. त्याचा परिणाम दहा-बारा तास टिकतो त्याचं हे एक कारण. सांगायचं एवढंच की 'कुलूप आणि किल्ली' ही आम्हीच शिकवलेली उपमा इथे अपुरी पडते. किल्ली कोणत्या बाजूने आणि किती वेळ फिरते, यावर आत काय होणार हे ठरतं.

हे रिसेप्टर मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या सुरकुतलेल्या आवरणात), खोल थरातल्या मोठ्या पेशींवर दाटीने असतात. आपण डोळ्यांनी जग बघतो असं आपल्याला वाटतं, पण मेंदू बराच वेळ आधीच ठरवलेलं चित्र पुढे करत असतो आणि डोळ्यांकडून आलेली माहिती त्याच्याशी ताडून बघत असतो. सायकेडेलिक्समुळे, म्हणजे एलएसडी-सायलोसिबिनसारख्या द्रव्यांमुळे, या ठरलेल्या चित्रांची पकड ढिली होते, असं आज बरेच संशोधक मानतात. त्यातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात घट्ट चित्र म्हणजे 'मी'. मेंदूत काही भागांचं एक जाळं आहे. आपण स्वस्थ बसलो की ते कामाला लागतं: काल मी काय बोललो, उद्या माझं काय होईल, लोक मला काय म्हणतील. २००१मध्ये मार्कस रेकल यांच्या गटाने या अवस्थेला 'डिफॉल्ट मोड' म्हटलं, आणि पुढे या जाळ्याचं नाव डिफॉल्ट मोड नेटवर्क पडलं. २०१२मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या रॉबिन कारहार्ट-हॅरिस यांच्या गटाने स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसांना सायलोसिबिन दिलं, तेव्हा मेंदू जास्त पेटेल अशी बऱ्याच जणांची अपेक्षा होती. झालं उलटं. या जाळ्याच्या मधल्या ठाण्यांवरचा रक्तप्रवाह कमी झाला.

आणि तुमच्या आजोबांसाठी महत्त्वाची गोष्ट ही: त्याच्या आदल्या वर्षी जडसन ब्रूअर यांच्या गटाने वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांचे मेंदू तपासले होते. ध्यानात त्यांचीही हीच ठाणी शांत झालेली दिसली, कसलंही द्रव्य न घेता. यावरून दोन्ही अनुभव एकच असं मी म्हणणार नाही. दोन घरांत दिवे मालवलेले दिसले म्हणून दोन्ही घरांतली माणसं एकाच कारणाने झोपली असं होत नाही. पण मीपण सैल होण्याची सोय मेंदूत मुळातच आहे, एवढं नक्की. मशरूम ती बाहेरून आणत नाही.

द्रव्य एकच असलं तरी अनुभव कुठे जातो ते माणूस आणि जागा ठरवते, आणि इथे मला दोन प्रसंग सांगायचेच आहेत. पहिला बोस्टनचा, १९६२च्या गुड फ्रायडेचा. वॉल्टर पाहंके या डॉक्टरांनी धर्मशास्त्र शिकणारे २० विद्यार्थी घेतले. दहा जणांना सायलोसिबिन, दहा जणांना निकोटिनिक ॲसिड, ज्याने नुसता चेहरा लाल होतो आणि अंग गरम वाटतं. सगळ्यांना चर्चच्या तळघरातल्या प्रार्थनागृहात बसवलं, वरची प्रार्थना आणि प्रवचन ध्वनिक्षेपकातून खाली ऐकू येत होतं. सायलोसिबिन मिळालेल्या बहुतेकांनी गूढ अनुभवाच्या खुणा सांगितल्या. सुमारे पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन या संशोधकांनी त्यातल्या बहुतेकांना शोधून काढलं, तेव्हा त्यांना तो दिवस अजूनही आयुष्यातला मोठा दिवस वाटत होता. पण हेही कळलं की त्या दिवशी एकाची अवस्था इतकी बिघडली की त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं, आणि मूळ अहवालात याचा उल्लेखच नव्हता. मला या प्रयोगाबद्दल आदर आहे, म्हणूनच ही गाळलेली ओळ जास्त खुपते.

दुसरा प्रसंग मेक्सिकोच्या डोंगरातला. माझातेक या तिथल्या आदिवासी समाजातल्या मारिया साबिना रात्रीच्या विधीत मशरूम देत. त्यांच्यासाठी ती 'पवित्र लेकरं' होती आणि काम एकच: आजारी माणूस बरा करणं. १९५५मध्ये गॉर्डन वॉसन हे बँकेत काम करणारे अमेरिकन गृहस्थ तिथे बसले आणि १९५७मध्ये त्यांनी 'लाइफ' मासिकात त्यावर लेख लिहिला. मग माणसांची रीघ लागली. देव शोधायला म्हणून कुणी ही लेकरं घेऊ लागलं ते वॉसन आल्यानंतर, असं मारिया साबिनांनी पुढे सांगितलं. गावाचा रोष त्यांच्यावर निघाला, त्यांचं घर जाळलं गेलं. तोच रेणू, तोच रिसेप्टर. एकीकडे तापाने फणफणलेलं मूल बरं करायचं होतं, दुसरीकडे दूरवरून आलेल्या पाहुण्याला साक्षात्कार हवा होता.

आता माझं. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात मी तीन रात्री त्यांच्या खाटेशेजारी बसून होते. धड झोप नाही, धड जेवण नाही. तिसऱ्या पहाटे मी सलाइनच्या नळीकडे बघत होते. थेंब फुगायचा, लोंबायचा, सुटायचा. कधीतरी वडिलांचा श्वास त्या थेंबाच्या लयीत ऐकू येऊ लागला, आणि मग थेंब, श्वास आणि बघणारी मी, या तीन गोष्टी उरल्या नाहीत. पाचेक मिनिटं असेल. दुःख तिथेच होतं, पण ते माझं नव्हतं. नर्स बाटली बदलायला आली आणि मी परत 'मी' झाले. त्या पाच मिनिटांचं औषधशास्त्र मी सांगू शकते: जागरण, उपास, ताण, एकटक बघणं. सांगून झाल्यावरही ती पाच मिनिटं जशीच्या तशी उरतात. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, मृत्यूची जी भीती तेव्हा गेली ती परत आलेली नाही.

म्हणून 'निव्वळ रसायन' यातला 'निव्वळ' मला मान्य नाही. समोरचं झाड दिसतं तेव्हाही डोळ्यातल्या रोडॉप्सिनचा रेणू वळतो, म्हणून झाड खोटं ठरत नाही. प्रत्येक अनुभवात रसायन असतंच. अनुभव कसा घडला ते त्यावरून कळतं, तो खरा की खोटा हे ठरत नाही. पण हीच गोष्ट उलट्या बाजूनेही लागू आहे आणि भाविक मंडळींनी ती ऐकायला हवी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२मध्ये गूढ अनुभवाच्या चार खुणा सांगितल्या. शब्दांत न मावणं, फार न टिकणं, आपण काही करत नसून ते आपल्यावर घडतंय असं वाटणं, आणि 'मला सत्य कळलं' ही खात्री. ही खात्रीसुद्धा मेंदूच तयार करतो. अपस्माराच्या काही रुग्णांना झटक्याच्या आधी काही सेकंद अशीच अथांग, आनंदी खात्री वाटते, कशाबद्दल ते सांगताच येत नाही. तेव्हा खात्री वाटली म्हणून ते सत्य, असंही म्हणता येत नाही.

धर्म मशरूममधून उगवले का? ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल सोमाला वाहिलेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला जवळचा वाटतो. सोम म्हणजे लाल टोपीची पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी, असं याच वॉसन यांनी १९६८मध्ये मांडलं. इतरांनी सोमलता म्हणजे एफेड्रा किंवा हर्मल हे झुडूप म्हटलं. वनस्पतीची ओळख आजही पटलेली नाही. शिवाय ती लाल अळंबी सेरोटोनिनच्या दारातून जातच नाही, तिचं मुख्य द्रव्य गाबा या मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतं आणि गुंगी आणतं. ॲमेझॉनमधला आयाहुआस्का हा वनस्पतींचा काढा, उत्तर अमेरिकेतलं पेयोटे हे निवडुंग ही खरी उदाहरणं आहेत, तिथे वनस्पती आणि धर्म हातात हात घालून चाललेत. पण उपास, जागरण, एकांत, नामस्मरण, श्वास आणि ढोल यांतून त्याच उंबऱ्यापाशी पोचलेल्या परंपरा कितीतरी आहेत. माझ्या मते वनस्पती ही अनेक वाटांपैकी एक वाट होती. तिला उगम म्हणण्याएवढा पुरावा नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हे वाचणारं कुणीतरी विचारेल, म्हणून लिहिते. २००६मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ जणांना सायलोसिबिन देऊन केलेल्या अभ्यासात दोन महिन्यांनीही सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. हा आकडा सगळे सांगतात. त्याच अभ्यासात निवडून घेतलेल्या, निरोगी, शेजारी सोबती बसलेल्या या माणसांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना त्या काही तासांत तीव्र भीतीने गाठलं, हे कमी जण सांगतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर मशरूम खाल्लं. त्याच्या काकांना बायपोलर आजार होता, हे त्याला माहीत असूनही त्याने मनावर घेतलं नाही. पुढचे चार दिवस तो झोपला नाही, आपल्याला जगाचं काम सोपवलंय असं घरच्यांना सांगत राहिला. सावरायला त्याला वर्ष लागलं. घरात कुणाला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा आजार) किंवा बायपोलर असेल, किंवा लिथियम हे औषध चालू असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. लिथियमबरोबर झटके येऊ शकतात. बहुतेक देशांत हे बेकायदा आहे, हे वेगळंच.

आता आजोबा. हे त्यांना जरूर सांगा. चाळीस वर्षं बसलेला माणूस रिसेप्टरचं नाव ऐकून उठून जाणार नाही. फक्त सांगण्याआधी त्यांना एक विचारा: मी उरत नाही असं पहिल्यांदा झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय केलंत? कुणाशी कसं वागलात? आणि त्यांची हरकत नसेल तर ते काय म्हणाले ते इथे लिहा. मला खरंच वाचायचंय.