रिझो नाही म्हणून अडू नका, एक्सरे फिल्म आहे ना

ताई, तुमचा प्रश्न असा की कॉलेज तालुक्याच्या गावी, ग्राफिक डिझाइनच्या पोट्ट्यांना झाइन (स्वतः छापून काढलेली छोटी पुस्तिका) करत करत रिझो छपाई, म्हणजे स्टेन्सिलमधून शाई सोडणाऱ्या डुप्लिकेटरवरची छपाई, शिकवायची आहे, पण मशीन कुठून आणायचं. मी चार वर्षं हेच करून राहिलो म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मशीन तुमच्याच गावात असू शकतं, फक्त त्याला कोणी रिझो म्हणत नाही. मोठी शाळा नाहीतर ट्यूशन क्लासमध्ये टेस्ट पेपर काढायचं डुप्लिकेटर असतं ना, ते रिझो नाहीतर त्याच जातीचं. वरून झेरॉक्ससारखं, आतून सायक्लोस्टाइलचा नातू. पूर्वी मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचे, इथं थर्मल हेड, म्हणजे मशीनमधला तापणारा भाग, पातळ मास्टरला (इथली स्टेन्सिल) बारीक भोकं पाडतं, मास्टर ड्रमवर गुंडाळला जातो आणि शाई आतून भोकांतून कागदावर येते. झेरॉक्ससारखी टोनरची पावडर नाही, ती कागदावर भाजणं नाही, एका ड्रमात एकच रंग. क्लासवाल्याकडे तो रंग काळाच असणार. परीक्षेचा सीझन टाळून गेलात आणि मास्टर-शाईचे पैसे दिलेत तर बहुतेक हो म्हणतो. मास्टरचा खर्च 10 प्रतींना काढा की 200 ला तेवढाच, म्हणून 50 च्या खाली जाऊ नका.

आता दुसरा रंग. तो हातानं मारायचा, जुन्या एक्सरे फिल्मवर कटरनं साचा कापून, स्पंजनं. हा जुगाड वाटेल, पण मला विचाराल तर खरं शिक्षण इथंच होतं. स्क्रीनवर लेयर वेगळा करणारा पोट्टा रंग वेगळा करायला शिकलाच असं नाही, हातात कटर आला की कळतं.

मागं आम्ही तान्ह्या पोळ्यावर, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यावर, झाइन केली, काळ्यात लाकडी नंदी आणि लाल रंगात झूल. एका पोरीनं कव्हरला 'पोळा' कापलं तर 'प'चं पोट गळून पडलं, 'ळ'चे दोन्ही डोळे गेले, आणि शिरोरेषा सलग कापल्यामुळे फिल्म लोंबायला लागली, स्पंज लागला की उचलून यायची. देवनागरीत हा त्रास जास्तच, काहून की शिरोरेषेमुळे प, म, ष अशी कितीतरी अक्षरं वरून बंद होतात. मग मी सगळ्यांना जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, नेलं. रुईच्या गाठींवर पत्र्याच्या साच्यानं मारलेला मार्का बघा म्हटलं, अक्षरांत पूल, म्हणजे आतला तुकडा धरून ठेवणाऱ्या न कापलेल्या पट्ट्या, कुठं सोडलेत, शिरोरेषा कुठं तोडली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे साचे सुधारले, माझ्या दोन लेक्चरनं जे झालं नव्हतं ते.

क्रम मात्र उलटा करू नका. आधी डुप्लिकेटरवर काळं, एक दिवस सुकू द्या, मग हातानं रंग. आधी ओला रंग मारला तर कागद वळतो आणि मशीनमध्ये फसतो. स्पंज जवळजवळ कोरडा हवा. जागेवर बसवायला पुठ्ठ्याचा काटकोन टेबलावर चिकटवा, कागद दर वेळी त्याच कोपऱ्यात टेकवायचा. एखादा मिलिमीटर सरकलं तर सरकू द्या, रिझोतही सरकतं.

कागद साधा घ्या, 80 ते 100 जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन), चकचकीत आर्ट पेपर अजिबात नको, ही शाई कागदात मुरून वाळते. मोठे काळे ठोकळे टाळा, मागच्या कागदाला डाग लागतात. कडेला सेंटिमीटरभर जागा सोडा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये रिम फोडून ठेवू नका, दमट कागदानं आमचा अर्धा दिवस खाल्ला.

पानांचं म्हणाल तर ए3 च्या एका बाजूला आठ पानं, घड्या घालून मधे एक काप, ए6 ची झाइन तयार. यात एक ओळ उलटी छापायची असते. मी घाईत सगळी सुलट लावली आणि 120 प्रती छापून झाल्यावर घडी घातली, चार पानांवरचे नंदी पाय वर करून. क्लासवाला भाऊ म्हणे, सर, बैल लोळून राहिले का? तेव्हापासून पहिली प्रत निघाली की मशीन थांबवून तिथंच घडी घालून बघतो. ते कागद फेकले नाहीत, मागच्या कोऱ्या बाजूवर पोट्टे अजून साचे मारून बघतात.