झोप उडायला लागल्यावर मन आणि शरीर का बिघडतं?

महिनाभर झोप नाही, चिडचिड होते, छाती धडधडते. हे झोपेमुळेच का, असं तुम्ही विचारलंय. बऱ्याच अंशी हो.

झोप तुटू लागली की भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग दमतो आणि भीती-राग चेतवणारा अमिग्डाला जास्त तापट होतो. म्हणून एरवी सहन होणारा लोकलमधला धक्कासुद्धा भांडणापर्यंत जातो. नाडी जलद राहते, रात्री उतरायला हवा तो रक्तदाब पुरेसा उतरत नाही, गोड-तळलेलं खावंसं वाटतं.

पण खरा घात करते ती झोपेचीच धास्ती. संध्याकाळपासून ‘आज लागेल ना?’ सुरू होतं आणि अंथरूण दिसताच शरीर सावध होतं. दादर ते ठाणे उभ्याउभ्या डुलक्या लागतात, घरी गादीवर मात्र डोळे टक्क उघडे! हा तुमचा दुबळेपणा नाही, मेंदूला लागलेली सवय आहे, आणि ती मोडता येते.

उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोप येईना तर लोळत राहू नका, अंथरूण सोडून दुसरीकडे बसा. घड्याळ तर मुळीच बघू नका.

आठवड्यातून किमान ३ रात्री झोप नाही, असं ३ महिने चाललं तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यावर पहिला उपचार गोळी नव्हे, सीबीटी-आय ही झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धत. धडधडीसाठी मात्र आताच डॉक्टरांना भेटा, थायरॉइडही तपासा. जगणं नकोसं वाटलं तर लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.